दळवी सरांचे काळे काटकोन

दळवी सरांकडे यायचं तर 'छान' हा शब्द बाहेर चपलांजवळ काढून ठेवायचा, अशी अटच होती. आणि खरंच सांगते, पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की हा माणूस विनोद करतोय. कसला विनोद! पाच मिनिटांत माझा चेहरा उतरला होता.

बोरिवलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी दहाला आम्ही पंधरा-सोळा जण जमायचो. मी शाळेत क्लार्क. एक जगन्नाथ म्हणून रिक्षावाला, दोन-तीन गृहिणी, काही रिटायर्ड माणसं. सगळे हौशी, सगळ्यांच्या हातात फोन, आणि सगळ्यांना वाटायचं आपल्याला फोटोतलं कळतं. समोर हिरव्या कापडाचा बोर्ड. फोटो प्रिंट काढूनच आणायचा, पोस्टकार्डाएवढा. फोनवर दाखवलेला चालायचा नाही. "बोटांनी मोठा करता आला की माणूस खोटं बोलायला लागतो," सर म्हणायचे.

मी पहिल्यांदा नेला तो गोराईचा सूर्यास्त. ऑफिसातल्या बायकांनी डोक्यावर घेतलेला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बघितला, उलटा टाचला, पुन्हा बघितला.

"सूर्य रोज बुडतो," ते म्हणाले. "तू काय केलंस?"

मला बोलायची परवानगी नव्हती. हा दुसरा नियम. ज्याचा फोटो बोर्डावर, त्याने कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर बसायचं आणि तोंड मिटायचं. फोटोखाली नाव नाही, खुलासा नाही. "फोटोबरोबर तू घरोघर जाणारेस काय सांगायला, की त्या दिवशी पाऊस होता आणि माझा पाय घसरला?" मग बाकीच्यांनी एकेक करून बोलायचं. तेही काय दिसतं तेवढंच. काय वाटतं ते नंतर. एकदा एका गृहस्थांनी "मला यात एकाकीपणा दिसतो" म्हटलं, तर सरांनी त्यांना बोर्डापाशी नेलं. "कुठे? बोट ठेवा." बिचारे बोट घेऊन फोटोभर फिरले.

सगळं झालं की शेवटी सरांचा एक प्रश्न ठरलेला. त्या दिवशी मला विचारला, "पुढच्या रविवारी काय करशील?"

"येणार नाही," मी म्हटलं. रागच आला होता तसा.

"ते सोडून," सर म्हणाले.

आणि मी गेले की पुढच्या रविवारी. कारण त्या माणसाने नुसतं सोलून ठेवलं नव्हतं. सूर्याकडे पाठ करून उभी राहा, उजेड ज्यांच्या तोंडावर पडतोय ती माणसं बघ, एवढं एक काम दिलं होतं. प्रत्येकाला काहीतरी करता येण्यासारखं देऊनच ते स्टुलावरून उठवायचे. जगन्नाथ सगळ्यांची मुंडकी उडवायचा फोटोत. त्याला म्हणाले, "फोटो नको सुधारू, गुडघे वाकव." तीन महिने तो वाकला. चौथ्या महिन्यात त्याने स्टँडवर झोपलेल्या रिक्षावाल्यांच्या पायांचा असा फोटो आणला की आम्ही पंधरा जण उठून बोर्डापाशी गेलो.

सर मूळचे मालवणकडचे. घाटकोपरच्या एका कलर लॅबमध्ये तीस वर्षं प्रिंटिंग केलेलं. "लोकांची लग्नं धुवून पोट भरलं," असं स्वतःच सांगायचे. "नवरी लाल, नवरा पिवळा, आणि सासरा कायम अंधारात." स्वतः मात्र फोटो कधी काढायचे नाहीत. साधा फोन वापरायचे, कॅमेरा नसलेला. जगन्नाथने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मी काढला तर तुम्ही सोडाल काय मला?" सगळे हसले. स्वतःचा कुणी काढलेलाही त्यांना खपायचा नाही. फोन वर झाला की हात आडवा.

आता त्या काटकोनांबद्दल. कॅलेंडरचा जाड पुठ्ठा काळा रंगवून कापलेले दोन काटकोन त्यांच्या शबनम पिशवीत असायचे. ते दोन फोटोवर ठेवून चौकट करायची आणि हळूहळू आत सरकवायची. वरून आकाश कमी, खालून फरशी कमी, डावीकडून खांब गेला, उजवीकडून कुणाची तरी पिशवी गेली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. स्टुलावरच्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला. एका जागी हात थांबायचे. "हं. फोटो इथे आहे. बाकीचे भाडेकरू." मग स्टुलाकडे बघून भुवई उंचवायची. स्टुलावरून मान हलली की स्टीलची पट्टी आणि ब्लेड. सर्रकन एक पट्टी खाली.

त्या पट्टीवर कुणाचं तोंड असेल तर मात्र ती कचऱ्यात जायची नाही. लॅबमधली जुनी सवय. तोंड असलेला कागद केराच्या टोपलीत टाकायचा नाही, मग तो जळका असो, पिवळा असो. सर ती पट्टी उचलायचे, पुसायचे आणि शबनममधल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. माझ्या सासूबाई त्या डब्यात गेल्या तेव्हा मी विचारलं होतं, "काय करणार हो यांचं?"

"राहतील," सर म्हणाले. "तोंडाला जागा ती किती लागते?"

मनीषा जाधव आमच्यात आली ती माझ्यामुळेच. साकीनाक्याला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये कॉम्प्युटरवर कामाला, राहायला घाटकोपरला चाळीत. नवऱ्याचं आणि तिचं फाटलेलं, पदरात सात वर्षांची मुलगी, मैत्री, आणि सोबत वडील. गोदीतून रिटायर झालेले. बाबांना हल्ली विसरायला व्हायचं. आदल्या वर्षीच्या आजारपणात पार वाळले होते. मनीषा आठवडाभर मान मोडून काम करायची आणि रविवारी घाटकोपरहून दोन गाड्या बदलून यायची. "ताई, हे दोन तास माझे आहेत," म्हणायची.

एका रविवारी तिने मैत्रीचा फोटो लावला. चाळीच्या गॅलरीत दोरीच्या उड्या मारतेय, दोन्ही पाय हवेत, आणि सकाळचं ऊन बरोबर पायाखालून वाहतंय. खोलीत सगळे एकदम सरसावून बसले. डाव्या कडेला खुर्चीवर बनियन घातलेला एक म्हातारा माणूस. मी ओळखलं, तिचे बाबा. महिन्यापूर्वीच त्यांच्याकडे जाऊन आले होते.

सरांनी काटकोन ठेवले. डावा काटकोन आत सरकायला लागला.

"मुलगी उडालीय," ते म्हणाले. "पायाखाली उजेड आहे. जीव आहे यात. आणि हे गृहस्थ? हे कोण, कशाला बसलेत इथे?"

मनीषाचं तोंड उघडलं. मी तिच्याच बाजूला होते, मी बघितलं. सरांनी तिच्याकडे न बघताच तळहात वर केला. नियम म्हणजे नियम. तिने तोंड मिटलं.

मला सांगता आलं असतं. मी स्टुलावर नव्हते. पण मीही काय दिसतं तेवढंच बोलले, "एक म्हातारा माणूस," म्हणाले. लाज वाटते आता लिहिताना.

"गृहस्थ नकोत," सर म्हणाले आणि भुवई उंचावली. मनीषाने मान हलवली. सर्रकन पट्टी खाली. आणि काय सांगू, फोटो असा उघडला ना! मुलगी, ऊन, बस्स. तो वाचनालयाच्या वार्षिक प्रदर्शनात मधोमध लागला. मनीषाने फोनवरही तसाच कापून ठेवला आणि मूळचा उडवून टाकला. तीही सरांचीच शिकवण. आठवड्याला एक ठेवा, बाकीचे उडवा, ढिगात काही सापडत नाही. आम्ही सगळे असेच उडवायचो, इमानेइतबारे.

त्याला सात-आठ महिने झाले असतील. रविवारच. जगन्नाथ स्टुलावर होता आणि माझा फोन वाजला. फोन घेतलेला सरांना चालायचा नाही, पण मनीषाचं नाव दिसलं आणि ती अर्धा तास उशिरा होती म्हणून घेतला.

"अलकाताई, बाबा नाहीयेत." तिला धाप लागली होती. "सहा वाजता दूध आणायला म्हणून गेले. साडेचार तास झाले. पोलीस स्टेशनला बसलेय. फोटो मागतायत, आत्ताचा, समोरून."

"दे ना मग."

"नाहीये ताई! आधारवरचा आहे, त्यात केस काळे, मिशा. आता टक्कल, दाढी, चष्मा. हवालदार म्हणतात, बाई, हा वेगळाच माणूस आहे. मैत्रीच्या वाढदिवसाचा आहे, त्यात केकमागे अर्धे झाकलेत. तुम्ही घरी आला होतात ना? तुमच्याकडे असेल ना एखादा?"

मी फोन धुंडाळला. तिच्या घरचा एक फोटो मी ठेवला होता, तोही सरांनी पास केलेला. चहाच्या कपातून निघणारी वाफ, खिडकीचं ऊन, कप धरलेला एक सुरकुतलेला हात. बाबांनीच आणून दिला होता तो चहा. हात होता. माणूस नव्हता.

वाट लागली होती. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो. एवढे फोटो काढणारी माणसं आणि एका बापाचं तोंड कुणाकडे नाही.

सर उभे राहिले. "दोरीवाली मुलगी," ते म्हणाले. "डावीकडचे गृहस्थ. ते मनीषाचे वडील?"

मी हो म्हटलं.

"तुला ठाऊक होतं?"

मी पर्स खांद्याला लावली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शबनम उचलून चपला घालतच म्हणाले, "चल. ते माझ्याकडे आहेत."

जगन्नाथच्या रिक्षातून दहिसरला गेलो. नदीजवळच्या चाळीत त्यांची एक खोली. त्यांनी पलंगाखालून डबे ओढले. एक नाही, चार. फरशीवर ओतले. शेकडो पट्ट्या. अर्धे चेहरे, कान, पाठमोऱ्या बायका, कुणाचे काका, कुणाची लग्नातली करवली. लॅबच्या काळातल्यासुद्धा.

"यात कधी सापडणार?" मी ओरडलेच. "सर, तो माणूस रस्त्यावर आहे! त्या दिवशी तिला एक शब्द बोलू दिला असतात तर काय बिघडलं असतं? कसला नियम लावून बसलात?"

"होय," ते म्हणाले. बस्स, एवढंच. मान वर केली नाही. भांडायला समोर माणूसच उरला नाही मला.

"चेहरा शोधू नको," ते म्हणाले. "निळा शोध. ती स्वस्तातल्या दुकानात प्रिंट काढते, तिची पांढरी वस्तू निळसर येते. बनियन निळसर दिसेल."

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून निळं शोधत होतो. जगन्नाथ दारात उभा राहून दर दोन मिनिटांनी मनीषाला फोन लावत होता. नाही, अजून नाही. स्टेशनबाहेर बघितलं, नाही. दवाखान्यात विचारलं, नाही. बारा वाजत आले. सरांचे हात लॅबमधल्यासारखे चालत होते, एक उचल, एक ठेव, एक उचल, एक ठेव.

"हो बघ," ते म्हणाले.

दोन बोटं रुंदीची पट्टी. तोंड पुरतं होतं, अगदी समोरून नाही, पण स्पष्ट. सर खिडकीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मी हात पुढे केला तरी देईनात.

"दिसतं ते सांग, अलका."

"सर, वेळ नाहीये!"

"सांग."

"बाबा. टक्कल, दाढी. चष्म्याच्या दांडीला पांढरा दोरा बांधलाय. उजवा हात वर आहे. चार बोटं."

"कुणाला दाखवतायत?"

मी बघितलं. बाबा नुसते बसले नव्हते. उजवीकडे बघत होते, जिथे आता पट्टी संपत होती. मैत्रीच्या उड्या मोजत होते. तिला दाखवत होते बोटांवर, अजून चार, अजून चार.

"म्हणून ती एवढी उंच उडालेली," सर म्हणाले. "तीस वर्षं फोटो बघतोय मी. माणूस बघत होता आणि मला दिसलं नाही गो."

मग मात्र त्यांनी एक क्षण घालवला नाही. पट्टीची कड वळत होती, म्हणून तेच दोन काळे काटकोन तिच्या दोन्ही अंगांना ठेवून ती दाबून धरली. सावली पडत होती त्या बाजूला उजेड जावा म्हणून डब्याचं चकचकीत झाकण तिरकं धरायला जगन्नाथला बसवलं. "फोन वर धर. आणखी वर. श्वास सोड, मग दाब." तीन फोटो काढले. तिसरा मनीषाला पाठवला. तिने पोलिसांना दिला, आम्ही ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर टाकला. जगन्नाथने रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर टाकला, मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत.

आणि मग नुसतं बसणं. माझा फोन फरशीवर, चेहऱ्यांच्या ढिगात. सर त्याच्यासमोर मांडी घालून. दोनदा वाजला, दोन्ही वेळा भलताच कुणीतरी. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

सव्वातीनला मनीषाचा फोन आला. रडत होती, म्हणून आधी कळेचना काय ते. ट्रॉम्बेला होते बाबा. लग्नानंतर पहिलं बिऱ्हाड जिथे केलं होतं त्या बाजूला, बस स्टॉपवर. एका रिक्षावाल्याने चहाच्या टपरीवर फोटो दाखवला आणि टपरीवालीने चष्म्याचा दोरा ओळखला. दोरा नसता तर लक्षातही आलं नसतं, म्हणाली.

सर उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून ठेवला. बराच वेळ चालू होता नळ.

पुढच्या रविवारी मी पोचले तर बोर्डावर मैत्रीचा कापलेला फोटो होता आणि त्याच्या डावीकडे, बोटभर जागा सोडून, ती पट्टी. आणि स्टुलावर दळवी सर.

"आज माझं काम लागलंय," ते म्हणाले. "बोला." आणि तोंड मिटलं.

कुणाची बोलायची छाती होईना. बाबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून मनीषाने त्यांना आणि मैत्रीलाही आणलं होतं. शेवटी जगन्नाथ म्हणाला, "मुलगी. दोरी. मध्ये फट. मग माणूस." मग मनीषा उठली. मला वाटलं आता ही फाडून खाणार, आणि खाल्लं असतं तरी बरोबरच होतं.

"मी तोंड उघडलं होतं सर," ती म्हणाली. "तुम्ही हात वर केलात. माझ्या बापाला तुम्ही भाडेकरू केलंत, आणि फोटो चांगला होतोय म्हणून मी मान हलवली. मलाही माझी चीड येते."

सर स्टुलावर ताठ बसलेले. हनुवटी हलत होती, पण बोलले नाहीत. नियम त्यांचाच होता.

तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. कुणी थांबवायच्या आत बोर्डापाशी गेले. मैत्रीच्या फोटोकडे बघितलं, स्वतःच्या पट्टीकडे बघितलंही नाही. उजवा हात वर केला, चार बोटं. "थांबू नकोस गं," म्हणाले, "अजून चार."

"आजोबा, दोरी घरी राहिली," मैत्री म्हणाली.

मी रडले. लपवायचं काय त्यात, सगळेच रडत होते. मनीषाने नाक पुसलं आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली. "पुढच्या रविवारी काय कराल, सर?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. "विचारीन," म्हणाले. "ब्लेड काढायच्या आधी विचारीन, कोण म्हणून."

खाली उतरताना बाबा जिन्यात अडले. त्यांना पायऱ्यांची भीती वाटायची. सरांनी हात दिला आणि बाबांनी त्यांचं मनगट जे घट्ट पकडलं, ते रस्त्यावर पोचल्यावरही सोडेनात. मी वर खिडकीत होते. पुढे मनीषा आणि मैत्री, मागे हे दोघं, सर एकदम कडेला. बाबा काहीतरी सांगत होते आणि सर मान वळवून ऐकत होते. मी पटकन एक फोटो काढला. त्यांचा हात आडवा यायच्या आत. बोर्डावर कधी लावला नाही.

त्यानंतर वर्षभर सर येत राहिले. विचारायचे, आणि निम्म्या वेळा ब्लेड पुन्हा शबनममध्ये जायचं. मग त्यांची चाळ पाडायला निघाली आणि ते मुलुंडला मुलीकडे गेले. जाताना काटकोन माझ्या हातात दिले. "आता सरळ धरता येत नाहीत," म्हणाले. मुलुंड काय लांब आहे, जाऊ कधीतरी, असं म्हणत राहिले मी. गेले नाही.

या मार्चमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले काल. तुमच्या ग्रुपकडे त्यांचा एखादा फोटो असेल ना? तिथे सगळे फोटोवाले."

मी पंधरा जणांना फोन केले. माझ्याकडचा तो खिडकीतला, तेवढाच निघाला.

आता त्यात चार माणसं, आणि तिघं जिवंत. जिवंत माणसांच्या फोटोला हार कसा घालणार? कापणं भागच होतं. प्रिंट काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि काळे काटकोन सरकवायला घेतले. मैत्री गेली. मनीषा गेली. बाबांपाशी हात थांबला. बाबांना काढलं तरी सरांच्या मनगटावर त्यांची बोटं राहत होती. बोटं काढायची तर सरांचा हात तोडायला लागत होता. तासभर बसले असेन. तशीच ठेवली. उरलेली पट्टी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली, आता माझ्याकडेही एक आहे.

मुलुंडला नेऊन दिला. मुलीने पाटावर ठेवला, शेवंतीचा हार घातला, मागे सरून बघितलं.

"छान आलाय हो फोटो," ती म्हणाली, आणि माझी नजर सवयीने दाराकडे, चपलांकडे गेली. मग ती जवळ वाकली. "ही बोटं कुणाची?"

"आहेत एक गृहस्थ," मी म्हणाले. "घाटकोपरला असतात. नातीच्या उड्या मोजतात."

"म्हणजे आहेत ते?"

"आहेत."

तिने पुढे होऊन हार थोडा वर घेतला, त्या चार बोटांना फूल लागणार नाही असा.